एकाच रस्त्यावरच्या दोन शाळा

शिरीषा
सोमवार, रात्री १०:२०

बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. आज पाठ धरलीये म्हणून लवकर पडणार होते, ते काही जमलं नाही, तर लिहूनच टाकते.

गेली चार वर्षं मी न्यू जर्सीत 'सब' म्हणून जाते. सब म्हणजे सब्स्टिट्यूट, शिक्षक रजेवर असले की त्यांच्या जागी जाणारी बाई. आधी तेरा वर्षं आयटीत होते. ती नोकरी गेली तेव्हा वाटलं, मुलांच्या वेळा सांभाळून काहीतरी करू. बोटांचे ठसे दिले, टीबीची तपासणी झाली, प्रमाणपत्र हातात आलं. सकाळी साडेपाचला फोनवर त्या दिवसाच्या रिकाम्या जागा दिसतात. बोट टेकवलं की जागा आपली.

माझं नाव दोन डिस्ट्रिक्टांत आहे. डिस्ट्रिक्ट म्हणजे त्या-त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था. एक आमच्याच गावचं, जिथे माझी मुलं शिकतात. दुसरं रूट वन या हायवेने वीस मिनिटांवर. नावं लिहीत नाही. ओळखलंत तरी इथे लिहू नका, प्लीज.

मागच्या महिन्यात योगायोगाने एकाच आठवड्यात दोन्हीकडे चौथीचा वर्ग मिळाला, आणि दोन्हीकडे धडाही तोच, अपूर्णांकांची बेरीज. आमच्या गावात बावीस मुलं. मदतीला एक आई आलेली, दर बुधवारी येते म्हणे. मी फळ्यावर एक तृतीयांश लिहिलं तर पहिल्या रांगेतून आवाज आला, "मिस, हे मी कुमॉनला दुसरीतच केलंय." कुमॉन म्हणजे शाळेबाहेरची खासगी शिकवणी. निम्म्या वर्गाच्या माना डोलल्या. म्हणजे मी तिथे जे शिकवत होते ते मुलं आधीच विकत घेऊन आलेली.

दुसऱ्या शाळेत सतरा मुलं. मी हजेरी घेतेय तेवढ्यात दारात पाच मुलं, प्रत्येकाने आपापली खुर्ची उचललेली. शेजारच्या वर्गाला सब मिळाला नव्हता. अशा वेळी तो वर्ग 'वाटून' टाकतात, पाच इकडे, पाच तिकडे. मुलांना त्याची इतकी सवय की कुणी काही सांगावं लागलं नाही. भिंतीला खुर्च्या लावल्या, फोल्डर उघडलं, वर्कशीट काढली. मी एकीला विचारलं, तुमच्या बाई कधीपासून नाहीत? ती म्हणाली, "कोणत्या बाई?" त्या वर्गाला सप्टेंबरपासून तिसऱ्या बाई होत्या.

आमच्या गावातली जागा फोनवर आली की दीड मिनिटात कुणीतरी उचलतं. तिकडच्या जागा नऊ वाजेपर्यंत तशाच लुकलुकत असतात.

पण मी ज्या बाईंच्या जागी गेले होते त्यांचं ऐका. बावीस वर्षं त्याच शाळेत, गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर. सबसाठी त्यांनी वही ठेवली होती. धड्यांचं अर्ध्या पानात उरकलेलं, बाकी सगळी पानं मुलांवर. एकाबद्दल लिहिलं होतं: "रोज उशिरा येतो. रागवू नका. धाकट्या भावाला सोडून येतो. खालच्या खणात ग्रॅनोला बार आहेत, आधी खाऊ द्या, मग गणित विचारा." मी तसंच केलं. खाऊन झाल्यावर त्या पोराने तीन पंचमांश अधिक एक दशांश तोंडी करून दाखवलं. कुमॉन नाही, काही नाही.

आता खरा प्रश्न. मला वाटायचं, तिकडे पैसा कमी म्हणून हे असं. तर तसं सरळ नाही. 'ॲबट विरुद्ध बर्क' नावाचा खटला न्यू जर्सीत १९८१पासून चालला. १९९०मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गरीब शहरी डिस्ट्रिक्टांना श्रीमंत गावांच्या बरोबरीने खर्च करता आला पाहिजे, आणि तो फरक राज्याने भरायचा. पुढे १९९८च्या निकालात तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी बालवाडी आणि इमारतींची दुरुस्तीही आली. अशी ३१ डिस्ट्रिक्टं आहेत. म्हणजे कागदावर दर मुलामागचा खर्च तिकडे आमच्यापेक्षा कमी नाही, कधी जास्तच असतो.

मग त्या पाच खुर्च्या कुठून आल्या? शिक्षक, घर, पैसा, तुम्ही कशाला किती मार्क द्याल?

(कबुली: आम्ही २०१४ साली इथे घर घेतलं ते शाळेसाठीच. एजंटने स्वयंपाकघर दाखवायच्या आधी शाळेचं रेटिंग दाखवलं होतं.)


जुना_पुणेकर
सोमवार, रात्री ११:०५

लेख चांगला, पण निष्कर्ष भलतीकडे चालला आहे. मार्क द्यायचे तर शंभरपैकी नव्वद घराला. मी १९८९ साली दोन बॅगा आणि चारशे डॉलर घेऊन ओहायोत उतरलो. एका खोलीत चौघे राहायचो. पुढे दोन्ही मुली सरकारी शाळेतच शिकल्या. संध्याकाळी सात ते नऊ टीव्ही बंद, जेवणाच्या टेबलावर अभ्यास, आणि आईचा धाक. थोरली डॉक्टर आहे, धाकटी वकील. कुणी आम्हाला ग्रॅनोला बार दिले नाहीत. गरिबी आम्हीही पाहिली आहे. संस्कार नावाची गोष्ट असते, ती बजेटमध्ये दिसत नाही.


गंपूशेठ
सोमवार, रात्री ११:०९

काका आले. पॉपकॉर्न घेऊन बसतो.


आकडेबहाद्दर
मंगळवार, सकाळी ७:४०

जुना_पुणेकर, दोन बॅगा खऱ्या, पण तिसरी बॅग सांगायची राहिली. ती डोक्यात होती म्हणून कस्टमवाल्यांना दिसली नाही. इंजिनिअरिंगची पदवी, सफाईदार इंग्रजी, आणि आज ना उद्या पगार वाढणार याची खात्री. खिशात चारशे डॉलर असणं वेगळं आणि गरीब असणं वेगळं. तुमचा एक हिवाळा कडकीत गेला, तिथल्या लोकांची पिढी त्यात जाते.

आपल्या मुलांच्या यशाचं श्रेय आपण संस्कारांना देतो तेव्हा चाळणी विसरतो. १९६५चा इमिग्रेशन कायदा आणि नंतरचा एच-१बी हा कामाचा व्हिसा यांनी भारतातून मुख्यतः शिकलेलेच वेचून आणले. अमेरिकेतल्या भारतीय वंशाच्या प्रौढांत दर चारांमागे तिघांकडे पदवी आहे. हे प्रमाण ना भारतात आहे ना अमेरिकेत. चाळून घेतलेल्या तांदळात खडे नाहीत म्हणून शेतकऱ्याने मिशीला पीळ द्यायचा, तसं आहे हे.

आता काकांच्या बाजूनेही बोलतो, कारण आकडे त्यांच्याही बाजूला आहेत. या वादाचा आजोबा म्हणजे १९६६चा कोलमन अहवाल. १९६४च्या नागरी हक्क कायद्यात असा अभ्यास करण्याचं कलमच होतं. जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाने सुमारे चार हजार शाळा आणि सहा लाखांच्या आसपास मुलं तपासली. सगळ्यांची अपेक्षा होती की काळ्या मुलांच्या शाळांत पुस्तकं, प्रयोगशाळा कमी आहेत म्हणून मार्क कमी, असं निघेल. निघालं वेगळंच. शाळेच्या साधनांपेक्षा घरची पार्श्वभूमी आणि वर्गात शेजारी कोण बसतं याचा फरक जास्त. पुढे कित्येक वर्षं 'शाळेवर पैसे घालून काही होत नाही' म्हणणारे हाच अहवाल नाचवत आले.

पण तो एका क्षणाचा फोटो होता. कुणाला वर्षानुवर्षं जास्त मिळालं तर काय होतं, हे फोटोत दिसत नाही. नंतर किराबो जॅक्सन या अर्थतज्ज्ञाने आणि मंडळींनी, कोर्टाच्या आदेशांमुळे जिथे खर्च वाढला तिथल्या मुलांचं पुढे काय झालं ते पाहिलं. बारा वर्षं सलग १० टक्के जास्त खर्च झाला तर मोठेपणी कमाई सुमारे ७ टक्क्यांनी जास्त, आणि गरीब घरच्या मुलांत फायदा त्याहून मोठा. म्हणजे पैशाने फरक पडतो, पण तो पुढच्या निवडणुकीच्या आत दिसत नाही.

आणि शिक्षक. राज चेट्टी, जॉन फ्रीडमन आणि जोना रॉकऑफ यांनी एका मोठ्या शहरी डिस्ट्रिक्टमधल्या २५ लाख मुलांच्या नोंदी त्यांच्या मोठेपणीच्या प्राप्तिकराशी जोडल्या. मार्क वाढवण्यात तळाच्या ५ टक्क्यांत असलेल्या शिक्षकाच्या जागी एक वर्ष नुसता सरासरी शिक्षक आणला, तर त्या एका वर्गाची मिळून आयुष्यभराची कमाई सुमारे अडीच लाख डॉलरने वाढते. लक्षात घ्या, उत्तम नव्हे, सरासरी. शिरीषाताईंच्या त्या पाच मुलांना तर तोही मिळाला नाही.


गंपूशेठ
मंगळवार, सकाळी ७:५२

तांदळाची उपमा ढापण्यात येत आहे.


टेक्सासची_मावशी
मंगळवार, सकाळी ९:३०

शिरीषा, तुमचं न्यू जर्सी म्हणजे लाडावलेलं राज्य गं. कोर्टाने पैसे द्यायला लावले तिकडे. आमच्या सॅन अँटोनियोची गोष्ट सांगते, मी इथे अकरा वर्षं राहतेय.

इथे एजवूड म्हणून डिस्ट्रिक्ट आहे, पश्चिमेला, बहुतेक मेक्सिकन वंशाची वस्ती. १९६८च्या मे महिन्यात तिथल्या हायस्कूलची मुलं वर्गातून उठून बाहेर पडली. इमारत मोडकळीला आलेली, प्रशिक्षित शिक्षक पुरेसे नाहीत, हे त्यांचं म्हणणं. त्यातूनच डिमेट्रिओ रॉड्रिगेझ आणि इतर पालकांनी खटला भरला. तेव्हा एजवूड दर मुलामागे वर्षाला ३५६ डॉलर खर्च करत होतं आणि त्याच शहरातलं श्रीमंत अलामो हाइट्स ५९४. शाळांचा बराचसा पैसा घरपट्टीतून येतो, आणि गंमत ही की एजवूडचे लोक घरपट्टी जास्त दराने भरत होते. पण घरंच स्वस्त, तर दर वाढवून निघणार किती?

१९७३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्यांच्या विरोधात निकाल दिला. शिक्षण हा संघराज्याच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही म्हणे. थरगूड मार्शल यांनी कडक विरोधी मत लिहिलं, पण एका मताने गेलं ते गेलंच. म्हणून मग प्रत्येक राज्यात वेगळी लढाई. आमच्याकडे १९८९मध्ये राज्याच्या कोर्टाने एजवूडच्या बाजूने निकाल दिला आणि १९९३मध्ये श्रीमंत डिस्ट्रिक्टांकडून काढून गरिबांना द्यायचा कायदा आला. लोक त्याला 'रॉबिन हूड' म्हणतात. आमच्या सोसायटीच्या पार्टीत हा शब्द काढून बघ, सगळ्यांचे चेहरे कसे होतात ते. आपल्या माणसांचेही.


अर्धवट_एनआरआय
मंगळवार, दुपारी १२:१५

कॅलिफोर्नियाच्या बे एरियातून हजेरी. इकडची तऱ्हा निराळी. १९७८ साली मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन १३ या कायद्याने घरपट्टी खरेदीच्या किमतीच्या १ टक्क्यावर बांधली आणि करासाठी धरायची किंमत वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही असं ठरलं. म्हणजे माझ्या शेजारचे आजोबा सत्तरच्या दशकात घेतलेल्या घराचा कर भरतात आणि मी परवाच्या किमतीचा. शाळा तीच, फुटपाथ तोच. स्थानिक कराला लगाम लागल्यावर शाळांच्या पैशाच्या नाड्या राज्याकडे गेल्या. ऐकायला समान वाटतं. पण पालो आल्टोसारखी काही डिस्ट्रिक्टं अशी आहेत की त्यांची घरपट्टीच राज्याच्या हिशेबापेक्षा जास्त जमते, आणि ती वरची रक्कम त्यांच्याकडेच राहते.

जिथे तसं नाही तिथे पालक 'फाउंडेशन' काढतात. सप्टेंबरात बॅकपॅकमधून चिठ्ठी येते: दर मुलामागे एवढी 'ऐच्छिक' देणगी. मागच्या वर्षी आम्ही उशीर केला तर पीटीएच्या (पालक-शिक्षक संघाच्या) एका आईने फुटबॉलच्या मैदानावर मला गाठून फार गोड आवाजात विचारलं, "तुमची भाषांतराची काही अडचण झाली का?" दुसऱ्या दिवशी चेक दिला. त्या पैशातून संगीताचे शिक्षक, ग्रंथपाल, विज्ञानाच्या मदतनीस येतात. पलीकडच्या डिस्ट्रिक्टमध्ये ग्रंथालयाला कुलूप असतं.

त्यामुळे 'सरकारी शाळेतच शिकल्या' हे वाक्य ऐकलं की मला हसू येतं. आमची सरकारी शाळा ही दीड मिलियनचं घर घेतल्यावर फुकट असते.


झेडपी_गुरुजी
मंगळवार, रात्री ८:०० (भारतीय वेळ)

मॅडम, एक शंका. आमच्याकडे बदल्यांमध्ये 'अवघड क्षेत्र' आणि 'सर्वसाधारण क्षेत्र' असे भाग पाडलेले असतात. अवघडमध्ये तीन वर्षं काढली की बदलीचा हक्क मिळतो, आणि सर्वसाधारणमध्ये बरीच वर्षं बसलेल्याला कधीतरी डोंगरावर जावं लागतं. मी स्वतः सहा वर्षं डोंगरावर होतो, पावसाळ्यात ओढा ओलांडून. पद्धतीत शंभर भानगडी आहेत, पण निदान पाळी येते. तिकडे चांगल्या शिक्षकाला अवघड शाळेत पाठवण्याची काही सोय नाही का?


आकडेबहाद्दर
मंगळवार, दुपारी ३:२०

गुरुजी, नाही. इथे शिक्षक राज्याचा नोकर नसतो, त्या-त्या डिस्ट्रिक्टचा असतो. रूट वनवरच्या एका गावातून दुसऱ्या गावात त्याला कुणी पाठवू शकत नाही, तो स्वतः अर्ज करून जातो. आणि जातो कुठे? जिथे वर्ग शांत, पालक फोन उचलतात, आणि पगार तेवढाच किंवा जास्त. नवखे शिक्षक अवघड शाळेत हात बसवतात आणि तीन-चार वर्षांनी निघतात. त्यांना दोष कसा देणार?


टेक्सासची_मावशी
मंगळवार, दुपारी ४:०५

डॅलसने एक प्रयोग केला होता गुरुजी, २०१५च्या सुमाराला. सगळ्यात मागे पडलेल्या काही शाळा निवडल्या, आणि जे शिक्षक कामात अव्वल ठरले त्यांना तिथे जायला वर्षाला हजारो डॉलर जादा दिले. मार्क खरोखर वर गेले. मग शाळा सुधारली म्हणून जादा पैसे बंद केले. शिक्षक निघून गेले, मार्क परत खाली. माझी मैत्रीण तिकडे शिकवायची. ती म्हणते, "ताप उतरला म्हणून औषध बंद केलं, आणि डॉक्टरलाही घरी पाठवलं."


काठावरचा
मंगळवार, रात्री ९:४५

माझं मराठी घरात ऐकून शिकलेलं, चुका सांभाळून घ्या.

इथे सगळे एच-१बीवाल्या घरांबद्दल बोलतात. आमचं घर तसं नव्हतं. आत्याने स्पॉन्सर केलं म्हणून आम्ही २००१मध्ये आलो, मी नऊ वर्षांचा. बाबा बारावी, आई दहावी. बाबा रात्रपाळीला पेट्रोल पंपावर, आई पहाटे चारला डोनटच्या दुकानात. रात्री सात ते नऊ टेबलावर अभ्यास, असं काका म्हणतात. आमच्या टेबलावर सात वाजता मी आणि बहीणच असायचो. आई झोपलेली, बाबा झोपून उठायचे. धाक होता हो, पण धाक दाखवायला माणूस जागा पाहिजे ना.

मला लंच फुकट होतं. घरचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांच्या आत असलं की फुकट, १८५च्या आत असलं तर सवलतीत. कॅफेटेरियात सगळेच पैशांऐवजी आपापला नंबर दाबायचे, त्यामुळे कुणाला कळायचं नाही. पण शुक्रवारी पिझ्झा सेलला बाकीच्यांच्या हातात डॉलर असायचे तेव्हा कळायचं.

मला सांगायचं आहे ते गणिताबद्दल. इथे आठवीत अल्जेब्रा मिळालं तर बारावीपर्यंत कॅल्क्युलसला पोचता येतं, आणि आठवीत कोण जाणार हे पाचवी-सहावीतच ठरतं. परीक्षा असते, पण पालकांनी शाळेला पत्र लिहिलं की मुलाला वरच्या वर्गात टाकतात. माझे मार्क दोनने कमी पडले. माझ्याच बाकावरच्या मुलाचे पाचने कमी होते. त्याच्या आईने पत्र लिहिलं. माझ्या आईला असं पत्र लिहितात हे माहीतच नव्हतं.

सहावीच्या बाईंनी घरी फोन केला. आईला इंग्रजी फार येत नव्हतं, तर त्या संध्याकाळी डोनटच्या दुकानात आल्या, कॉफी घेतली, आणि काउंटरवरच फॉर्म ठेवून म्हणाल्या, इथे सही करा. आईला वाटलं मी काहीतरी गुन्हा केला. दोन दिवस बोलत नव्हती माझ्याशी.

मी आज इंजिनिअर आहे. माझी बहीण माझ्यापेक्षा हुशार होती. तिच्या सहावीच्या वर्षी त्या बाई दुसऱ्या गावात गेल्या होत्या. ती कम्युनिटी कॉलेजमध्ये दोन वर्षं गेली, मग काम करायला लागली. घर तेच, आई तीच, संस्कार तेच.


गंपूशेठ
मंगळवार, रात्री १०:०१

पॉपकॉर्न बाजूला ठेवले.


निशिगंध
बुधवार, सकाळी ६:५०

काठावरचा, दंडवत. पुढचं लिहू नये असं वाटतंय, पण दुसरी बाजूही असू दे.

यशाची ही जी मोजपट्टी आपण धरतोय तिचेही वळ उठतात. आमच्या भागात वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो डिस्ट्रिक्टच्या अधीक्षकांनी २०१५ साली पालकांना १६ पानी पत्र लिहिलं होतं. मुलांवरचा ताण हाताबाहेर गेलाय, कितीतरी मुलांना मानसिक तपासणीसाठी पाठवावं लागतंय, असं. मग हायस्कूलच्या सहामाही-वार्षिक परीक्षा बंद केल्या. संगीतात 'राइट टू स्क्वीक' आणलं, म्हणजे बेसूर वाजवायचाही हक्क. पालकांत सरळ दोन तट पडले, आणि आपली देशी मंडळी बहुतेक कुठल्या तटावर होती ते सांगायला नको. एका सभेत मीही 'दर्जा खालावेल' म्हणून हात वर केला होता. तेव्हा माझा मुलगा नववीत होता आणि रात्री दीडपर्यंत जागायचा. आज तो हात आठवला की कसंतरी होतं.


जुना_पुणेकर
बुधवार, सकाळी १०:३०

सर्वांचे प्रतिसाद वाचले. काठावरचा, तुमच्या आईला नमस्कार सांगा.

तरी माझा मुद्दा सोडत नाही. शिरीषा म्हणते न्यू जर्सीत पैसे समान दिले. मग ॲबटला इतकी वर्षं झाली, फरक का मिटला नाही? म्हणजे घरच आलं ना शेवटी?


आकडेबहाद्दर
बुधवार, दुपारी १२:४०

काका, प्रश्न रास्त आहे. बाल्टिमोरचं उदाहरण घ्या. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे कार्ल अलेक्झांडर आणि डॉरिस एन्टविसल यांनी १९८२ साली पहिलीतली सुमारे ७९० मुलं निवडली आणि ती तिशीच्या उंबरठ्यावर येईपर्यंत त्यांचा माग काढला. गरीब घरांतल्या मुलांपैकी अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत पदवीधर झाले ४ टक्के, बऱ्या घरांतले ४५ टक्के. त्याच अभ्यासात त्यांना असं दिसलं की शाळा चालू असते तेव्हा दोन्हीकडची मुलं जवळजवळ सारख्याच वेगाने शिकतात, फट पडते ती उन्हाळ्याच्या सुट्टीत. सुट्टीच्या या मुद्द्यावर नंतरच्या संशोधकांनी शंका घेतल्या आहेत, तेव्हा त्यावर मी फार भार टाकत नाही. ४ आणि ४५ मात्र डोळ्यांसमोरून जात नाहीत.

घर आलं, मान्य. पण घर म्हणजे काय? आपण शिक्षक, घर, पैसा असे तीन डबे करतोय तिथेच गोची आहे. काठावरच्या घरात धाक होता, माया होती. नव्हता तो संध्याकाळी सातला जागा असलेला माणूस, आणि तो नव्हता कारण तासाच्या मजुरीत रात्रपाळी होती. तुमच्याकडे वहिनी टेबलाशी बसायच्या. एका पगारात भागत होतं म्हणून बसायच्या ना? त्याला तुम्ही संस्कार म्हणता, मी त्याला पैसाही म्हणेन. आणि चांगला शिक्षक टिकतो तो कुठे, हेही शेवटी गावातल्या घरांच्या किमतीवर जातं.


शिरीषा
बुधवार, रात्री ९:१५

दोन दिवस कामावर होते, म्हणून उशीर. सगळ्यांना वेगळं उत्तर देत नाही, पण काकांच्या 'पैसे समान दिले तर' याला द्यायचं आहे.

समान पैशातून तिकडे आधी काय-काय भागवावं लागतं ते बघा. दारात मेटल डिटेक्टर आणि दोन गार्ड. इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांचे वेगळे शिक्षक. जुना बॉयलर. सकाळचा नाश्ता. आमच्या गावात यातलं बरंचसं लागतच नाही, म्हणून तोच डॉलर ऑर्केस्ट्राला जातो. आणि इतकं करूनही शिक्षक पदरचे घालतात ते वेगळंच. अमेरिकेत शिक्षकांना वर्गासाठी स्वतः आणलेल्या सामानावर करात वजावट मिळते. वजावट म्हणजे पैसे परत नाहीत हो, करपात्र उत्पन्न तेवढं कमी धरतात, इतकंच. मला त्या वजावटीचंच नवल वाटतं. म्हणजे शिक्षकांनी खिशातून घालायचं हे सरकारने धरूनच चाललेलं आहे.

त्या ग्रॅनोला बारवाल्या पोराचं पुढे. गुडघेवाल्या बाई अजून आलेल्या नाहीत, म्हणून मला तोच वर्ग सहा आठवडे दिला. मागच्या सोमवारी तो आला नाही, मंगळवारी नाही. ऑफिसात विचारलं तर कळलं, घर सोडावं लागलं, आई दोन्ही मुलांना घेऊन दुसऱ्या गावात बहिणीकडे राहायला गेली. मी मनात म्हटलं, गेला हा. चौथीतली तिसरी शाळा.

ऑफिसात एक बाई आहेत, सेक्रेटरी. शिक्षिका नाहीत, कुठल्या आकडेवारीत त्या येत नसतील. त्यांनी फोन उचलला. मॅकिनी-व्हेंटो नावाचा १९८७चा कायदा आहे. घर गेल्यामुळे नातेवाइकांकडे दाटीवाटीने राहणारं मूलसुद्धा त्यात बेघर धरतात, आणि त्याला आपल्या मूळ शाळेतच राहता येतं, बसची सोय डिस्ट्रिक्टने करायची. मला चार वर्षांत हे माहीत नव्हतं. त्या आईला तर कुठून असणार? तिने नव्या गावातल्या शाळेचा फॉर्म अर्धा भरलाही होता.

काल तो परत आला. बस पावणेसातला घेते, त्यामुळे आता उशीर होत नाही, उलट सगळ्यांच्या आधी येऊन बसतो. भाऊही त्याच बसने येतो. आज वर्गाला आठव्या भागाचे तुकडे करायला कागद दिले तर याने त्याची विमानं केली, आठ. मी ओरडले.

गुरुजी, ओढ्याचं वाचून तुम्हाला सविस्तर लिहायचं आहे, ते निरोपात लिहीन. निशिगंध, त्या सभेत मीही होते. हात मीही वर केला होता.

सब होण्याबद्दल दोघींनी निरोपात विचारलंय. पदवीची मूळ कागदपत्रं आणि त्यांचं इकडच्या संस्थेकडून करून घेतलेलं मूल्यांकन तयार ठेवा, त्यालाच सगळ्यात वेळ लागतो. आणि यादीत दोन्ही प्रकारच्या डिस्ट्रिक्टांची नावं घाला. गाडीत एक जादा स्वेटर आणि पेन्सिलींचं खोकं ठेवत जा.

उद्या सकाळी सव्वासातला निघायचंय. शेजारच्या वर्गाला उद्याही सब नाही, म्हणून मी पाच खुर्च्यांची जागा आजच करून आले.